"लई हाय, लिवा" : पोलिसांवरच्या विश्वासाचा प्रश्न आणि एका बूथचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण काही वर्षांपूर्वीचं, मराठवाड्यातल्या एका तालुक्यातलं. गावाचं, सर्व्हेचं, संस्थेचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील मुद्दाम बदललेत. मी तेव्हा राज्याच्या टीममध्ये फॉर्म तपासायला होतो, म्हणजे त्या गावात गेलो नव्हतो, पण सगळे फॉर्म हाताखालून गेले आणि नंतर मुलाखती घेणाऱ्या मुलांशी आणि सुपरवायझर सरांशी निवांत बसून बोलणंही झालं.

सर्व्हे देशपातळीवरचा होता. त्यात एक भाग संस्थांवरच्या विश्वासाचा, जो अशा बहुतेक सर्व्हेत असतोच. सैन्य, कोर्ट, निवडणूक आयोग, पंचायत, पोलीस, सरकारी अधिकारी, राजकीय पक्ष वगैरे नावं एकेक करून वाचायची आणि विचारायचं, यांच्यावर तुमचा किती विश्वास आहे? खूप, थोडाफार, फारसा नाही, अजिबात नाही. हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत गॅलप ही सर्व्हे कंपनी १९७३ पासून असं विचारतेय. आपल्याकडे दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती हा गट निवडणुकीच्या वेळच्या सर्व्हेत विचारतो, आणि २००४-०५ मध्ये एनसीएईआर ही दिल्लीची आर्थिक संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून जो मोठा मानव विकास सर्व्हे केला, ४१,५५४ कुटुंबांचा, त्यातही नेते, सैन्य, पोलीस, वर्तमानपत्रं, सरकारी आणि खाजगी शाळा, दवाखाने, कोर्ट, बँका अशी लांबलचक यादी होती. पर्याय मात्र सगळीकडे सारखे नसतात. मानव विकास सर्व्हेत तीनच होते, लोकनीतीकडे चार, आणि गॅलपच्या चारमध्ये "थोडाफार" हा वरून तिसऱ्या नंबरला येतो. त्यामुळे "भारतात इतके टक्के आणि अमेरिकेत तितके टक्के" असा तक्ता कुणी फॉरवर्ड केला की मी आधी पर्याय काय होते ते बघतो, बहुतेक वेळा तिथेच तो तक्ता संपतो.

आकडे येतात तेव्हा साधारण एक चित्र दरवेळी दिसतं. सैन्य वर, पक्ष आणि पोलीस खाली. कॉमन कॉज ही स्वयंसेवी संस्था आणि लोकनीती यांचा २०१८ चा पोलिसांवरचा अहवाल घ्या, २२ राज्यं, १५,५६२ लोक, त्यात पोलिसांवर खूप विश्वास आहे म्हणणारे पंचवीस टक्क्यांच्याही आत आणि सैन्यावर ५४ टक्के. यात नवल वाटायचं कारण नाही. सैन्याशी आपला रोजचा संबंध कुठे येतो, टीव्हीवर परेडला आणि पूर आला की बोटीतून माणसं काढताना दिसतात. पोलीस ठाण्यात मात्र मोबाईल हरवला, बांधावरून भांडण झालं, मोटर चोरीला गेली की जावंच लागतं, आणि तिथे काय अनुभव येतो ते आपण सगळे जाणून आहोत. जवळच्याला मार्क कमी पडतात.

आता यातली गोम अशी की पोलिसांबद्दलचा प्रश्न हा त्या यादीतल्या अशा प्रश्नांपैकी आहे ज्यांचं उत्तर ऐकणारा माणूस गावातच असू शकतो.

अडचण कशी लक्षात आली

सॅम्पल मतदारयादीतून काढलेलं होतं, ठरावीक अंतराने नावं उचलून. एका बूथला वीस-पंचवीस मुलाखती. जिल्ह्याच्या कॉलेजातली राज्यशास्त्राची दोन मुलं, एक मुलगा एक मुलगी, दोन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन गेलेली. फॉर्म कागदी. संध्याकाळी सगळे फॉर्म लॉजवर सुपरवायझर सरांकडे, ते कॉटवर पसरून एकेक बघायचे, राहिलेले कॉलम मुलांकडून भरून घ्यायचे.

या गावाचे फॉर्म बघताना सर थांबले. आधी त्यांना वाटलं मुलांनी झाडाखाली बसून भरलेत (होतं असं, नाही म्हणू नका, आणि सर जुने असल्यामुळे त्यांची नजर त्याच गोष्टीवर असते). कारण शेवटच्या तीन-चार संस्थांना सरसकट "खूप". सरकारी अधिकारी खूप, राजकीय पक्षसुद्धा खूप. बाकी गावांत राजकीय पक्ष म्हटलं की लोक हसायचे, एकाने तर "पुढचं विचारा" एवढंच उत्तर दिलं होतं, आणि इथे म्हातारीपासून पोरापर्यंत पक्षांवर खूप विश्वास?

पण खोटे भरलेले फॉर्म असे नसतात. खोटं भरणारा मुलगा थोडं इकडे थोडं तिकडे टाकतो, पकडलं जाऊ नये म्हणून. इथे वरचे प्रश्न अगदी जिवंत होते. सैन्य खूप, कोर्ट थोडाफार, पंचायत फारसा नाही, एकाने पंचायतीला अजिबात नाही देऊन कारणही सांगितलेलं, मुलीने मार्जिनमध्ये लिहून ठेवलं होतं "नळाचं पाणी". मग पोलीस. आणि पोलिसांपासून खाली सगळं खूप, खूप, खूप. म्हणजे जे काय झालं ते त्या एका ओळीवर झालं.

सरांनी मुलीला विचारलं, तिथे कोण बसलेलं होतं? ती म्हणाली, पोलीस पाटील.

हे कसं झालं ते ऐका. गावात परकी मुलं फिरायला लागली, नाव विचारतायत, जात विचारतायत, मत कुणाला दिलं विचारतायत म्हटल्यावर लोक संशय घेतात, मुलं पळवणारी टोळी समजून मारहाणीपर्यंत गोष्टी जाऊ शकतात. म्हणून काळजी म्हणून टीमने तालुक्याच्या ठाण्यात पत्र दिलं होतं, आमची मुलं अमुक तारखांना अमुक गावांत असतील, सहकार्य करावं. ठाण्यातून कुणीतरी चांगल्याच हेतूने पोलीस पाटलांना फोन केला, पोरं येतायत, बघा जरा. पोलीस पाटील म्हणजे १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला गावातलाच माणूस, गावात काय चाललंय ते ठाण्याला कळवणं हेच त्याचं काम. तो माणूस दिवसभर मुलांबरोबर फिरला. घरं दाखवली, चहा पाजला, कुत्री हाकलली, कुठेही दमदाटी नाही. मुलं त्याचं कौतुकच करत होती.

मुलीने एक प्रसंग सांगितला तो असा. एक पन्नाशीच्या काकू, दारात ज्वारी निवडत बसलेल्या. पाटील समोरच्या ओट्यावर, पाठ यांच्याकडे, फोनवर बोलत. सैन्य झालं, कोर्ट झालं ("आमी कवा गेलो कोर्टात?"), पंचायत झाली. मुलगी म्हणाली, आणि पोलिसांवर, काकू? त्यावर पाटलांचं फोनवरचं बोलणं बंद झालं. ते वळलेही नाहीत. काकूंनी त्या पाठीकडे बघितलं, सूप जरा जोरात हलवलं आणि म्हणाल्या, "लई हाय, लिवा." आणि त्यानंतर पुढचं प्रत्येक नाव पूर्ण व्हायच्या आत, "लिवा तेच."

इतकं मनावर घ्यायचं का

पहिली प्रतिक्रिया ऑफिसात अशी होती की एका बूथने देशाच्या आकड्याला काय होतंय. देशाच्या आकड्याला काही होत नाही, खरंय. पण हल्ली कुणी देशाच्या आकड्यावर थांबत नाही, राज्य पाहिजे, ग्रामीण पाहिजे, दलित पाहिजे, बायका पाहिजेत. समजा राज्याचं सॅम्पल ८०० आहे, ४० बूथ, प्रत्येकी २० माणसं. एक बूथ म्हणजे अडीच टक्के. त्या बूथवरचे सगळे "खूप" मध्ये ढकलले गेले तर राज्याचा आकडा दोनेक टक्क्यांनी हलू शकतो, आणि "पोलिसांवरचा विश्वास दोन टक्क्यांनी वाढला" अशी बातमी लावायला आपली माणसं एका पायावर तयार असतात. ८०० च्या सॅम्पलला वर-खाली साडेतीन टक्क्यांची चूक तशीही गृहीत असते, पण ते खाली बारीक अक्षरात असतं ना.

शिवाय या बूथमध्ये गावाची दलित वस्ती होती. राज्यातल्या ग्रामीण दलितांचा वेगळा कॉलम काढला की हाताशी उरतात मोजकी माणसं, त्यातली बरीचशी याच वस्तीतली. नेमका जो गट पोलिसांबद्दल काय म्हणतो हे बघायचं, त्याचीच उत्तरं बिघडलेली.

पर्याय

फोनवर बरंच रामायण झालं. सर लॉजवर, राज्याच्या कोऑर्डिनेटर मॅडम पुण्यात, आणि दिल्लीचे डेटावाले कॉन्फरन्सवर.

दिल्लीवाल्यांचं म्हणणं सरळ, जसं आहे तसं ठेवा. प्रत्येक सर्व्हेत आजूबाजूला माणसं असतातच, भारतात एकांतात मुलाखत ही कल्पनाच चुकीची, सासू असते, नवरा असतो, शेजारचा पोरगा असतो. फॉर्मच्या शेवटी "मुलाखतीवेळी इतर कुणी हजर होतं का" असा कॉलम आहे (वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेतही मुलाखत घेणाऱ्याने अशी नोंद करायची असते), तिथे होय आहे, झालं काम. यात तथ्य आहे, मी ते उडवून लावणार नाही. पण सासू आणि पोलीस पाटील दोघांनाही त्या कॉलममध्ये एकच टिक पडते.

दुसरा पर्याय, बूथच रद्द करून शेजारचा बूथ घ्यायचा. मॅडमचा याला कडक नकार. सॅम्पल एकदा काढलं की अडचणीचं गाव बदलायची सवय लागते, मग दूरचा तांडा बदलतो, पावसात रस्ता नसलेली वाडी बदलते, आणि शेवटी सर्व्हे फक्त डांबरी रस्त्यावरच्या लोकांचा होतो. ऑनलाईन सर्व्हेंचं काहीसं असंच आहे, एडेलमन या जनसंपर्क कंपनीचा विश्वासाचा जो निर्देशांक दरवर्षी येतो आणि ज्यात भारत बहुतेक वेळा वरच्या नंबरात असतो, तो ऑनलाईन घेतलेला असतो. तिथे ओट्यावर पाटील बसत नाही हे मान्य, पण ज्वारी निवडणाऱ्या काकूही त्यात नसतात.

तिसरा, परत जायचं आणि तेवढा भाग पुन्हा विचारायचा. सरांना हेच हवं होतं. भीती एकच आणि ती खरी होती, की पोलिसांबद्दल विचारायला माणसं दुसऱ्यांदा आली म्हटल्यावर गाव पहिल्यापेक्षा जास्त आवळून बसेल.

चौथी आयडिया मुलीची होती आणि मला आजही तीच सगळ्यात चांगली वाटते. मत कुणाला दिलं हा प्रश्न आपण तोंडी विचारत नाही, डमी मतपत्रिका देतो, खूण करून पेटीत टाका म्हणतो. तसंच इथे का नको? अडचण अशी की मतपत्रिकेवर निवडणुकीची चिन्हं असतात, वाचता न येणाऱ्यालाही कळतात, "फारसा नाही" ला चिन्ह कुठलं? तिने वहीच्या पानावर चार तांबे काढले, एक काठोकाठ भरलेला, एक अर्ध्याच्या वर, एक तळाला थोडं, एक रिकामा. बोट ठेवा म्हणायचं, बोलायचं नाही. दिल्लीने लगेच हरकत घेतली, बाकी सगळ्या राज्यात तोंडी विचारलंय, एका बूथला चित्रावर विचारलं तर तुलना कशी करणार? आणि ही हरकतही बरोबरच होती.

काय केलं

शेवटी मधला मार्ग निघाला. पहिले फॉर्म जसेच्या तसे जमा, कुणी त्यात एक टिकही बदलायची नाही. परत जायचं, पण दुसऱ्या जोडीने, दोन्ही मुली, आणि सकाळी, पाटील कामानिमित्त तालुक्याला असतात त्या दिवशी. तांब्याचं कार्ड वापरायचं पण ती फाईल वेगळी. आणि फक्त पोलिसांचं विचारायचं नाही, आधी पाणी, रेशन, शाळा असे चार प्रश्न, मग संस्थांची अख्खी यादी.

पाटलांना खोटं सांगायचं का, यावर सर आणि मॅडम यांच्यात वाजलं. सर म्हणाले सांगायचंच नाही. मॅडम म्हणाल्या, गावात लपून गेलं की दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं आणि मग त्या मुलींचं काय. सरपंचांना फोन करून सांगितलं की काही फॉर्ममध्ये माहिती अपुरी राहिली आहे, पूर्ण करायला येतोय. हे खोटं नव्हतं, पूर्ण खरंही नव्हतं. मला हा भाग अजून खटकतो, पण याहून बरं वाक्य मला तेव्हाही सुचलं नाही आणि आताही नाही.

निकाल

सगळे भेटले नाहीत. काही शेतावर, एकजण मुलीकडे गेलेला, आणि दोघातिघांनी दारातूनच "तवा सांगितलं की समदं" म्हणून वाटेला लावलं.

जे भेटले त्यांची उत्तरं बदलली, पण आम्हाला वाटलं होतं तशी नाही. ऑफिसात सगळ्यांचा अंदाज होता की "खूप" वाले सरळ खाली "अजिबात नाही" ला येतील. तसे थोडेच आले. जास्त लोक गेले "सांगता येत नाही" मध्ये, कार्डावर बोट न ठेवता कार्डच परत देणारे. बायका त्यात जास्त. ज्वारीवाल्या काकूंनी कार्ड उलटं करून बघितलं, मागे काही आहे का म्हणून, आणि म्हणाल्या, "ह्यात काय बोट ठिवायचं, आमचं काम न्हाई पडलं कवा."

एक आजोबा, पहिल्या फॉर्ममध्ये खूप. दुसऱ्यांदा म्हणाले, इस्वास ठिवून करायचं काय, पायरी चढायची येळ न यावी म्हंजे झालं. मग हळूहळू निघालं की बांधाच्या भांडणात मार खाऊन ठाण्यात गेले होते, तिथे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेऊन परत पाठवलं, वर समोरच्या पार्टीला बोलावून "आपसात मिटवा" सांगितलं. हे कुठल्या तांब्यात घालायचं? मुलीने "फारसा नाही" ला टिक केलं आणि वाक्य खाली लिहून घेतलं. कोडिंग करताना, म्हणजे उत्तरं ठरावीक गटांत बसवताना, दिल्लीने ते "मत नाही" असं केलं. बरीच ओढाताण होऊन परत "फारसा नाही" झालं.

आणि एक बाई अशी होती जिचं उत्तर दोन्ही वेळा खूप. तिने बोट ठेवलं ते भरलेल्या तांब्यावर, आणि सांगितलं की नवरा दारू पिऊन मारायचा, ठाण्यातल्या लेडीज कॉन्स्टेबल दोनदा घरी येऊन त्याला दम देऊन गेल्या, तेव्हापासून हात उचलत नाही. म्हणजे पहिल्या दिवशीच्या सगळ्याच "खूप" ना खोटं ठरवून मोकळं होता येत नव्हतं. बूथ रद्द केला असता तर ही बाईसुद्धा गेली असती.

एक मात्र अनपेक्षित होतं. पोलिसांच्या वरचे प्रश्न, सैन्य, कोर्ट, हे जवळजवळ हललेच नाहीत, पण पंचायतीचा आकडा दुसऱ्यांदा थोडा सुधारला. कारण? बहुतेक आम्हीच सरपंचांना फोन करून आलो होतो म्हणून. एक सावली काढायला गेलो तर दुसरी पडली.

डेटाचं शेवटी असं ठरलं की मुख्य फाईलमध्ये पहिलेच फॉर्म, शेजारी एक खूण, आणि दुसरी फेरी स्वतंत्र. राज्यनिहाय तक्त्यात आपल्या राज्याचा पोलिसांचा आकडा तळटीप लावून दिला. एका पत्रकाराने फोन करून विचारलं की तळटीप काढून टाकली तर चालेल का, कॉलममध्ये बसत नाहीये.

माझं मत विचाराल तर मी त्या बूथपुरती पोलिसांपासून खालची उत्तरं कोरी धरली असती, "उत्तर मिळालं नाही" म्हणून, आणि वरची ठेवली असती. फॉर्मच सांगत होता की कुठपर्यंत माणूस बोलतोय आणि कुठून पुढे ओट्यावरची पाठ बोलतेय. मॅडमना हे पटलं नाही, त्यांचं म्हणणं की मग उद्या प्रत्येक सुपरवायझर आपल्याला न पटणारी उत्तरं कोरी धरायला लागेल. याचं उत्तर माझ्याकडे अर्धवटच आहे. निकष आधी लिहून ठेवला तर चालावं, असं मला वाटतं.

काय वेगळं करता आलं असतं

पत्र. मुळात सगळं तिथून सुरू झालं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी कळवणं गरजेचं आहे, ते बंद करा असं मी म्हणणार नाही, पण ते जिल्ह्याला, एसपी ऑफिस आणि कलेक्टर ऑफिसला द्यायचं, गावांची यादी न जोडता. प्रत मुलांच्या खिशात, कुणी अडवलं तर दाखवायला. ज्या संस्थेबद्दल विचारायचंय तिच्याच माणसाला तारीख आणि गाव कळवून ठेवायचं हे ऐकायलाच विचित्र आहे, पण कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पत्र पाठवणारा विभाग वेगळा आणि प्रश्नावली लिहिणारा वेगळा.

जोडीतल्या एकाने गर्दी सांभाळायची असते, हे ट्रेनिंगमध्ये सांगतातही. कुणी जवळ येऊन बसलं की दुसऱ्याने त्याला बाजूला घेऊन त्याच्याशीच गप्पा सुरू करायच्या, गावाचा इतिहास विचारायचा, जत्रा कधी असते विचारायचं. पण वेळ वाचवायला दोघं दोन घरांत गेले होते. मानधन फॉर्मवर मिळतं, दिवसावर नाही, मग दुसरं काय होणार? पुढच्या वेळी मानधन दिवसावर केलं, खर्च वाढला, त्यावरून वरती बोलणी खाल्ली.

प्रश्नाची जागाही बदलता आली असती. पोलीस यादीत शेवटी टाकले असते तर निदान खालच्या संस्था वाचल्या असत्या. आणि "गेल्या काही वर्षांत तुम्ही किंवा घरचं कुणी ठाण्यात गेलं होतं का" हा प्रश्न विश्वासाच्या प्रश्नाला लागून पाहिजे होता, तो फॉर्ममध्ये बराच मागे, जमीन-जुमल्याच्या शेजारी कुठेतरी होता, तिथे पोचेपर्यंत लोक कंटाळलेले.

हजर असलेल्या माणसांच्या कॉलममध्ये पुढच्या फेरीपासून होय-नाहीच्या ऐवजी कोण होतं ते लिहायला जागा केली. नवरा, सासू, शेजारी, सरपंच, पोलीस पाटील, इतर. पहिल्याच जिल्ह्याचे फॉर्म आले त्यात "इतर" पुढे कुणीतरी लिहिलं होतं, "अंगणवाडीताई, त्यांनीच निम्मी उत्तरं दिली."